ओढ्यापलीकडची हजेरी

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी डंकावर रांगेत उभी होते. आमच्या कोल्हापुरात चटणी कांडायच्या गिरणीला डंक म्हणतात. लोखंडी मुसळं सारखी वरखाली आपटत असतात आणि त्या दणदणाटात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता आणि चटणीचा हंगाम सुरू झाला होता. माझे सहा डबे रांगेत होते. फोनवर पुण्याचं नाव दिसलं म्हणून डबे जावेच्या ताब्यात दिले, रस्त्यावर आले आणि एक कान दाबून बोलले.

"मॅडम, वाचली," ते म्हणाले. "घेतोय आपण. दिवाळीला काढू."

मी 'बरं' म्हणाले. सात वर्षं ज्या कादंबरीवर घालवली तिच्याबद्दल एवढंच तोंडातून आलं.

"खरं सांगू का, पहिली शंभर पानं वाचून मी परत पाठवणार होतो. मग ते मास्तर आले. ओढ्याला पूर आलाय, पोरं पलीकडच्या वस्तीत अडकलीत आणि मास्तर अलीकडच्या काठावर छत्री धरून ओरडून पाढे म्हणताहेत. पलीकडून पोरं ओरडून उत्तर देताहेत. त्या पानावर मी कादंबरी घेतली. ते पान एका दिवाळी अंकालाही देऊन ठेवतो, अंश म्हणून. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत येऊन जावेला सांगितलं. ती मुसळांच्या आवाजावर ओरडली, "पेढे आणू का आधी चटणी न्हेऊ घरला?" रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. चटणी कांडून झाल्यावर डबे उचलून रिक्षात ठेवले आणि रिक्षा मिरजकर तिकटीला पोचायच्या आत माझ्या लक्षात आलं की ते पान माझ्याजवळ राहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी ते विकलं होतं.

हे नीट सांगायला हवं.

मी कथा-कादंबऱ्या लिहिते. आतापर्यंत दोन कादंबऱ्या आणि तीन कथासंग्रह निघाले. त्यावर घर चालत नाही, म्हणून बाकीचे उद्योग करते. लग्नपत्रिकांचा मजकूर लिहून देते. एकसष्टीचे गौरवअंक संपादित करते. उन्हाळ्यात जावेबरोबर कांदा-लसूण चटणी करून विकते. आणि मानपत्रं लिहिते. शाल-श्रीफळाबरोबर सत्कारमूर्तीच्या हातात जो फ्रेम केलेला कागद देतात, व्यासपीठावरून कुणीतरी खड्या आवाजात जो वाचून दाखवतं, तो कुणीतरी लिहिलेला असतो. आमच्या भागातले बरेचसे मी लिहिलेले असतात.

कामाची माझी एक लांब वही आहे. डाव्या पानावर 'लेखन', उजव्या पानावर 'धंदा'. रोज सकाळी चहाबरोबर यादी करते. झालेलं काम खोडते, न झालेलं दुसऱ्या दिवशी पुढे नेते. तीन दिवस पुढे गेलेल्या कामाखाली तांबडी रेघ मारते. याला घरात सगळे हसतात, पण वीज बिलाची शेवटची तारीख विचारायला माझ्याकडेच येतात.

मानपत्रांचा हंगामही मे महिन्यातच येतो. पूर्वी गावातली पोरं शाळेत घातली की जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची आणि मास्तर सर्रास एक जून लावून मोकळे व्हायचे. ती पोरं मोठी झाली, शिक्षक झाली, आणि आता दरवर्षी एकतीस मेला जिल्ह्यातले गुरुजी घोळक्याने निवृत्त होतात. सेवापूर्ती समारंभांची एकच झुंबड उडते. एकीकडे मिरच्यांची देठं खुडायची आणि दुसरीकडे 'विद्यार्थ्यांच्या जीवनात ज्ञानाची ज्योत' वगैरे लिहायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मेमध्ये बिद्रीच्या पुढच्या एका गावातल्या गुरुजींच्या जावईबापूंचा निरोप आला. सासरे प्राथमिक शिक्षक, निवृत्त होताहेत, मानपत्र हवं. मी नेहमीची प्रश्नावली पाठवली. उत्तर आलं ते असं: जन्म, नेमणुका, बदल्या, पुरस्कार नाही, स्वभाव शांत. शाळेजवळून ओढा वाहतो. संपलं. आणखी काही आठवणी सांगा म्हणून कळवलं तर म्हणाले, 'ताई, ते फार बोलत नाहीत. तुम्हीच चांगलं काहीतरी घाला.'

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका प्रकाशकाकडून कादंबरी परत आली होती. त्याआधी एकाने परत केली होतीच. मी संगणकावरच्या त्या फोल्डरचं नाव बदलून 'मोड' ठेवलं. म्हणजे जुन्या तांब्या-पितळेची मोड घालतात तशी. ही कादंबरी काही होत नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. हातात तीन मानपत्रं होती, गच्चीवर मिरच्या होत्या, आणि 'शाळेजवळून ओढा वाहतो' ही ओळ समोर होती. मी 'मोड' उघडलं, मास्तरांच्या प्रकरणातल्या सात ओळी उचलल्या, 'ते' च्या जागी 'आपण' केलं आणि मानपत्रात बसवल्या. 'ओढ्याच्या पुराने वाट अडवली तेव्हा आपण काठावर उभे राहून पलीकडच्या सात बालकांकडून पाढे म्हणवून घेतलेत.' दहा मिनिटांचं काम. वहीत खोडून टाकलं.

अशा कार्यक्रमांना मी जात नाही. जावईबापूंनी चित्रफीत पाठवली. लसूण सोलता सोलता मी ती पाहिली. माझ्या ओळी वाचून झाल्या. मग मागून एक दांडगा गडी उभा राहिला आणि माईक नसताना बोलला, "मी हुतो त्या सात पोरांत. बाराचा पाढा माझा पाण्यावरनं पाठ करून घेतलाय गुरुजींनी." मांडव टाळ्यांनी भरून गेला. गुरुजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मला तो विनय वाटला. मी जावेला म्हणाले, बघ, ओळ बरोबर लागली. आणि लसूण संपवला.

पुढच्या पंधरा ऑगस्टला जावईबापूंनी फोटो पाठवला. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र: अलीकडे छत्रीतले गुरुजी, मध्ये निळं पाणी, पलीकडे मुलं. वर माझ्या दोन ओळी. मी अंगठा पाठवला.

तर आता ते पान माझ्या नावाने दिवाळी अंकात येणार होतं, आणि मग कादंबरीत.

पुढचे आठ दिवस मला एका जागी बसवलं नाही. सकाळी वही उघडायची, डाव्या पानावर 'गुरुजी' एवढंच लिहायचं, पुढे काय करायचं ते लिहायचं नाही, आणि उठून मिरच्या पालथ्या करायला गच्चीवर जायचं. लक्ष्मीपुरीत खोबरं आणायला गेले आणि तीळ घेऊन आले. रंकाळ्यावर फिरायला गेले तर अर्ध्यातून परतले, कारण मध्येच वाटलं की प्रकाशकांना आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. घरी येऊन नंबर काढला आणि ठेवून दिला.

काय सांगणार होते? की ते पान आधी वापरलंय? ते म्हणाले असते, छापलं कुठंय? मानपत्राला कोण विचारतं? आणि खरंच, कायद्याने काही अडत नव्हतं. ओळी माझ्या होत्या. पण त्या गावात त्या आता गुरुजींच्या झाल्या होत्या. कादंबरीत त्या दिसल्या की कुणीतरी विचारणार, ही गोष्ट त्या बाईंनी रचलेली होय? मग भिंतीवरचं चित्र कशाचं? माझ्या दहा मिनिटांच्या आळशीपणापायी एका निवृत्त माणसाचं गावात हसं झालं असतं. आणि पान काढून टाकलं तर प्रकाशकांनी कादंबरी ज्यासाठी घेतली तेच गेलं. सात वर्षं, दोन नकार, आणि आता हातात आलेला होकार. मी दोन्हींतलं काहीच करत नव्हते. 'गुरुजी' खाली तांबडी रेघ आली. मग दुसरी आली.

"ताई, मिरच्या काळ्या पडाय लागल्या," जाऊ म्हणाली. "कुठं लक्ष हाय तुमचं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती खोबरं किसत होती. किसणं थांबवलं नाही.

"मग जावा की त्यांच्याकडं. आठ दिवस झालं वहीत लिहून ठेवलासा. वही जाणार हाय व्हय तुमच्या बदली?"

दुसऱ्या दिवशी अर्धा किलो चटणी बरणीत भरली, जावईबापूंकडून पत्ता घेतला आणि गारगोटीची एसटी धरली. ऊसतोड संपली होती, कारखान्याची चिमणी गार होती आणि रस्ता मोकळा. बिद्रीच्या पुढे उतरून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने आत गेले. गावात शिरताना शाळा लागते. जीपवाल्याला थांबवून भिंत बघितली. रंग उन्हाने थोडे उडाले होते. पलीकडच्या काठावर मुलं मोजली. नऊ होती. मी मानपत्रात सात लिहिली होती. रंगवणाऱ्याने जागा उरली म्हणून दोन वाढवली असणार.

गुरुजींच्या घराचं दार उघडंच होतं. त्यांच्या पत्नी दारातल्या सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या.

"कोण पावणं?"

मी सांगितलं.

"अगंबया, मानपत्रवाल्या व्हय? या की आत. एवढ्या उनाचं आलासा." त्यांनी आत हाक मारली, "अवो, ऐकलं का, तुमच्या त्या कागदाच्या बाई आल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लई नाव झालं बघा तुमच्या त्या कागदानं. बाजारला गेलं तरी कोण ना कोण थांबवतंय ह्यास्नी."

मानपत्र समोरच्या भिंतीवर होतं. शेजारी रिकामा खिळा आणि खाली फिकट चौकोन. फ्रेम कधीतरी तिथून काढून पुन्हा दुसरीकडे लावलेली.

गुरुजी बाहेर आले. चित्रफितीत दिसले होते त्याहून बारीक. मी चटणीची बरणी दिली. गुरुजींच्या पत्नींनी, म्हणजे वहिनींनी, झाकण उघडून बोटाने चाखली.

"खोबरं कमी पडलंय," त्या म्हणाल्या आणि बरणी आत नेऊन ठेवली.

मी फार प्रस्तावना केली नाही. असल्या कामात ती केली की माणूस घसरतो. कादंबरी, प्रकाशक, दिवाळी अंक, सात ओळी, सगळं एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला.

"म्हणजे ते तुम्ही रचलेलं होतं."

"हो."

"मला वाटलं जावईबापूंनी थाप मारली." ते पत्नीकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं मी त्या माणसाशी धड बोललो नाही."

"मी सांगत हुते," वहिनी म्हणाल्या. "तो बिचारा सणाला आला की हे पेपर उघडून बसायचे. पोरीला वाटायचं, काय चुकलं."

मला हे ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. गुरुजींनी हात हलवला, ते राहू द्या अशा अर्थाने.

"मग तो कार्यक्रमात उठून बोलला तो?" मी विचारलं. "बाराच्या पाढ्यावाला?"

"राहायचा तो पलीकडेच. पण ओढ्याला पाणी चढलं की त्याचा बाप त्याला आजोळी पाठवायचा. एकाही पुराला तो इथं नव्हता." गुरुजी जरासे हसले. "आता त्याला सगळं आठवतं. छत्रीची दांडी मोडकी होती, तेसुद्धा सांगतो. मी काय बोलणार? पहिल्या दिवशीच उठून सांगायला हवं होतं. शाल अंगावर होती, माणसं टाळ्या वाजवत होती. नाही जमलं."

"न्हाय जमलं तेच बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

"मी हा कागद तीनदा कपाटामागे ठेवला. ही तीनदा लावते."

"लावणार. छत्तीस वर्सं नोकरी केली, एक कागद न्हाय मिळाला कुणाचा. आता मिळालाय तर कपाटामागं?"

त्या चहा ठेवायला आत गेल्या. आतून सगळं ऐकू येत होतं त्यांना, आणि गुरुजींनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांचा आवाज उतरला.

"ताई, तुम्ही छापा ते. कादंबरीत छापून आलं की लोकांना कळेल, हे गोष्टीतलं आहे. मग मला कुणी बाजारात थांबवणार नाही."

मी याची तयारी करून आले नव्हते. माझ्या यादीत दोनच शक्यता होत्या: ते चिडतील, किंवा छापू नका म्हणतील. छापा म्हणतील हे मी लिहिलं नव्हतं. मी बरं म्हणून उठले असते तर माझं काम झालं होतं. कादंबरी, दिवाळी, सगळं. मी उठलेही थोडी. पण विचारून बसले, "मग पूर आला की खरं काय व्हायचं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी काठावर जायचो. रोज नाही. पाणी किती आहे बघायला. पलीकडे पोरं उभी असायची, हात करायची. मीही हात करायचो. ओरडून पाढे म्हणावेत हे डोक्यात आलं नाही कधी. आलं असतं तर म्हटले असते, इतका वाईट शिक्षक नव्हतो मी. मग शाळेत यायचो आणि हजेरी घ्यायचो. पलीकडची अकरा होती. एकेकाचं नाव घ्यायचो. ओ कोण देणार? मी हजर मांडायचो."

"का?"

"पट. अकरा पोरं पंधरा-पंधरा दिवस गैरहजर दिसली की दुसऱ्या शिक्षकाची बदली. मग चार वर्गांना मी एकटा. त्यापेक्षा हजर मांडलेलं बरं. सगळेच मांडायचे. आता तो बाराच्या पाढ्यावाला मला ओढ्याच्या काठावर हजर मांडतो. फेडतोय म्हणा."

वहिनींनी चहा आणला. कप ठेवून त्या तिथेच चौकटीला टेकल्या.

"ते पण सांगा," त्या म्हणाल्या. "एवढं सांगितलासा तर."

गुरुजी कपाकडे बघत बोलले. "त्यात एक मुलगी होती. चौथीत. हुशार. एका वर्षी पाऊस लांबला, ओढा दोन महिने उतरला नाही. उतरल्यावर दहा जण आली. ती आली नाही. आईबरोबर मजुरीला जायला लागली होती. मी लगेच जायला हवं होतं. पण कागदावर ती रोज येत होती, ताई. जुलै भरलेला, ऑगस्ट भरलेला. जी रोज येते तिला शोधायला कसं जायचं? वरून तपासणी आली असती तर काय सांगितलं असतं, कधीपासून येत नाही म्हणून? एकेक दिवस पुढे गेलो. मग ते वर्षच संपलं."

एकेक दिवस पुढे जाणं म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या पिशवीत ती वही होती.

चहा निवत चालला होता. मी म्हणाले, "गुरुजी, पाढ्यांचं पान मी कादंबरीतून काढते. ते तुमच्याकडे राहू दे, भिंतीवर आहे तसं. त्याच्या बदल्यात हे मला द्या."

"कुठलं?"

"हजेरीचं. आणि त्या मुलीचं."

वहिनी चौकटीपासून सरळ झाल्या. "म्हंजे ह्यांचं चांगलं खोटं हितं ऱ्हाणार आणि वाईट खरं पुस्तकात जाणार. असंच की न्हाय?"

"असंच."

"नाव?"

"नाव नसणार. गाव नसणार. मास्तर वेगळा, ओढा वेगळा."

"आणि कुणी वळखलं तर?"

"ओळखेल कोण?" गुरुजी म्हणाले. "ज्यांना ठाऊक आहे ते दोघेच. मी आणि तू."

"आणि ती," वहिनी म्हणाल्या.

बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता. परतीची फेरी एवढी एकच होती. मी पिशवी उचलली. दारापर्यंत आले तेव्हा गुरुजी मागून म्हणाले, "लिहा. पण मुलीला कडेला ठेवू नका. तिचंच लिहा. मास्तरांचं पुष्कळ झालं."

वहिनींनी शेंगांची पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली. "फुडच्या चटणीत खोबरं वाढवा," एवढंच म्हणाल्या. हा होकार समजायचा की काय, मी जीपमध्ये बसून बराच वेळ ठरवत होते.

ते प्रकरण नव्याने लिहायला अकरा दिवस लागले. मास्तर काठावर जातो, हात करतो, परत येतो, नावं घेतो. मी सात पोरांची अकरा केली. मुलगी काठावरून निघून जाते तिथून पुढची सोळा पानं तिची झाली, ती आधी नव्हतीच. त्या दिवसांत चटणीच्या दोन ऑर्डरी उशिरा गेल्या आणि जावेने मला वहीत तांबडी रेघ मारून दाखवली, तिच्या हाताने.

प्रकाशकांना पाठवलं. चौथ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, हे काय केलंत? पाढ्यांचं पान वाचून डोळ्यांत पाणी यायचं. हे वाचून माणूस गप्प होतो."

"चालेल की."

"चालेल काय? ते जुनं ठेवा, हे मागे जोडा. दोन्ही राहतील."

"जुनं माझं नाही आता," मी म्हणाले. कारण सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मानपत्राचं ऐकताना मध्ये एकदा हसले, तेही चांगल्या मनाने.

"दिवाळी अंकातून अंश मागे घ्यावा लागेल."

"घ्या."

"मग दिवाळीचं मी कबूल करत नाही. पुन्हा वाचतो सगळं. बघू."

या धंद्यात 'बघू'चा अर्थ मला समजतो. पण मी त्या दिवशी वहीत 'प्रकाशक' लिहून पुढे नेलं आणि तेव्हापासून नेतेच आहे. जेवताना फोन ताटाशेजारी असतो. पुण्याचा नंबर दिसला की घास थांबतो, आणि बहुतेक वेळा तो कुठल्या तरी कर्जवाल्याचा निघतो. एकतीस मे जवळ येतोय. सहा मानपत्रं आहेत. प्रश्नावलीत शेवटी एक वाक्य वाढवलंय: सत्कारमूर्तींनी मजकूर स्वतः वाचून कळवावं. दोघांनी त्यावर विचारलं, कशासाठी? आश्चर्य घालवायचं का त्यांचं?

मागच्या आठवड्यात गुरुजींना फोन केला आणि नवं प्रकरण वाचून दाखवलं. तसं कबूल केलेलं नव्हतं, पण न दाखवता छापायला जाऊ द्यायचं धाडस आता माझ्यात नाही. हजेरीची जागा आली तेव्हा मी अकरा नावं एकेक वाचली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे वहिनीही ऐकत होत्या. शेवटपर्यंत वाचलं.

"एक दुरुस्ती आहे," गुरुजी म्हणाले.

"सांगा."

"गैरहजर तांबड्या शाईने मांडायचं असतं. तुम्ही नुसतं 'हजर मांडलं' लिहिलंय. असं लिहा, त्या दोन महिन्यांत मास्तरांनी तांबड्या पेनाचं टोपण काढलंच नाही."

मी लिहून घेतलं. मग वहिनींचा आवाज लांबून आला, "ते सांगा की त्यास्नी."

"ती मुलगी कुरुंदवाडकडे दिलीय," गुरुजी म्हणाले. "जावईबापूंनी शोधून काढलं. तिची पोरगी आता चौथीत आहे म्हणे. जावईबापू गाडी घेऊन येतो म्हणाले. एकदा जाऊन येईन म्हणतो."

"कधी?"

"पाऊस सुरू व्हायच्या आत."

फोन ठेवून मी दुरुस्ती केली आणि वहीतलं 'गुरुजी' खोडलं. इतके दिवस पुढे नेलेलं काम खोडताना बरं वाटतं, तसं वाटलं. सकाळी गच्चीवर गेले तर दक्षिणेकडे ढग आले होते. वळवाचे असतील. खाली येऊन चहा ठेवला, नवी यादी केली आणि डाव्या पानावर पहिलं 'गुरुजी' पुन्हा लिहिलं; ते जाऊन आले का, हे विचारायचं होतं.